टिकाऊतूनच टिकाऊ

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची पुनर्विकासाची सभा होती. करारनामा, चटईक्षेत्र, दोन वर्षांचं भाडं हे सगळं तासाभरात आटपलं आणि भांडण जुंपलं ते भलत्याच मुद्द्यावर. घरं रिकामी करताना जुन्या सामानाचं काय करायचं? तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने सुचवलं, की जुनी दारं, चौकटी, माळ्याच्या फळ्या, मोडकी कपाटं असं सगळं गोळा करून नव्या इमारतीच्या लॉबीसाठी बाकं आणि टेबलं करून घेऊ या. टाकाऊतून टिकाऊ. त्यावर मागच्या रांगेतले एक काका ताडकन उठले, "चाळीस वर्षं कळकट घरात काढली, आता नव्या लॉबीत पुन्हा भंगार मांडायचं?" मग सभेत दोन तट पडले. एका तटाला झाडं, समुद्र आणि पुढची पिढी दिसत होती, दुसऱ्याला पाहुणे काय म्हणतील ते. अर्ध्या तासाने अध्यक्षांनी चहा मागवला आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला.

मतदान झालं असतं तर मी त्या मुलीच्या बाजूने हात वर केला असता. माझ्या घरातलं जेवणाचं टेबल म्हणजे आजोळच्या वाड्याचं दार आहे आणि ते मी अभिमानाने दाखवतो. तरी सभा संपली तेव्हा वाटलं, की दोन्ही तट चुकीच्या जागी उभे राहून भांडत होते. दोघांनीही 'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द जसेच्या तसे खरे मानले होते. एकाला त्यात पुण्य दिसलं, दुसऱ्याला दारिद्र्य. पण टाकाऊतून टिकाऊ असं कधी होतं का? मी आजवर जी जी चांगली उदाहरणं पाहिली, त्यांत मूळ वस्तू टिकाऊच होती, फक्त टाकून दिलेली होती. टाकून दिलेलं आणि टाकाऊ यांत फरक आहे, आणि या वादाचा सगळा घोळ तो फरक न केल्यामुळे झाला आहे. माझं म्हणणं एवढंच आहे: जुन्या सामानातून फर्निचर जरूर करावं, पण त्याने कचऱ्याचा प्रश्न सुटतो असं म्हणू नये. ते करताना जो प्रश्न समोर येतो, तो आपण आज दुकानातून काय उचलून आणतो आहोत याचा आहे, आणि त्यावर सभेत कुणीच बोललं नाही.

या गैरसमजाचं मूळ शाळेत आहे. कार्यानुभवाच्या तासाला 'टाकाऊपासून टिकाऊ' करून आणायचं असे, आठवतं? आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड, काडेपेट्यांचा सोफासेट, बांगड्यांचं झुंबर. आमच्या वेळी काड्या निदान चोखलेल्या तरी असत. आता स्टेशनरीच्या दुकानात त्यांची कोरी पाकिटं मिळतात, आई-वडील ती आदल्या रात्री धावत जाऊन आणतात, वर चकचकीत कागद आणि डिंकाची बाटली. म्हणजे टाकाऊतून टिकाऊ करण्यासाठी आधी नवं विकत घ्यायचं, आणि प्रदर्शन संपलं की सगळं कचऱ्यात. त्या सोफासेटवर कुणी बसलं नाही आणि त्या पेनस्टँडमध्ये दुसऱ्या वर्षी पेन राहिलं नाही. पुढे हीच सवय मोठेपणी टायरला रंग देऊन त्यावर फोमची गादी ठेवणाऱ्या आणि प्लास्टिकच्या बाटल्या चिकटपट्टीने बांधून 'स्टूल' करणाऱ्या हौसेत दिसते. ते स्टूल दोन उन्हाळ्यांत कचऱ्यात जातं, आणि तेही आता चिकटपट्टी, फोम आणि रेक्झिन यांच्यासकट. आधी जी बाटली निदान भंगारवाल्याने वेचून नेली असती, ती आता कुणाच्याच उपयोगाची राहत नाही. हे कचरा कमी करणं कसलं?

आता याच्या शेजारी गोधडी ठेवून पाहा. आपल्याकडे जुन्यातून नवं करण्याचं याहून जुनं आणि याहून यशस्वी उदाहरण नाही. पण गोधडी कशाची होते? विरलेल्या सुती नऊवारीची, धोतरांची, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या कापडाची. कापूस घाम टिपतो, थर धरतो, धावदोरा पकडतो. सुती लुगडं फाटलं तरी त्याचं सूत मेलेलं नसतं. आता घराघरांतल्या साड्या सिंथेटिक झाल्या. त्यांची गोधडी शिवून पाहिलेल्या कुठल्याही आजीला विचारा: ती अंगावरून घसरते, घाम शोषत नाही, थर आतल्या आत सरकतात. शिवणारीचा हात तोच आहे, टाके तेच आहेत, पण कापडातच जीव नाही. म्हणून 'गोधडीची परंपरा लोप पावत चालली' असे उसासे टाकणारे लेख मला अर्धवट वाटतात. आळस वाढला म्हणून गोधडी गेली असं त्यांत सुचवलेलं असतं. खरं म्हणजे गोधडी होण्याजोगं कापडच घरातून गेलं.

लाकडाचंही तसंच. आमच्याकडे येणारा भंगारवाला दारावर टिचकी मारतो, कोपरा उचलून वजन घेतो, नखाने रंगाचा पोपडा काढून आतल्या रेषा पाहतो आणि दहा सेकंदांत भाव सांगतो. मागच्या वर्षी मी त्याला दोन गोष्टी दाखवल्या. एक, आजीचा पाळण्याचा मोडका दांडा. दुसरी, सात वर्षांपूर्वी मोठ्या दुकानातून सवलतीत घेतलेला पलंग, ज्याचे खण बसायला लागले होते. दांड्याचे त्याने पैसे दिले. पलंगाकडे बघून म्हणाला, "हे न्यायचं असेल तर टेम्पोचे तुम्ही द्या." वय पाहिलं तर दांडा पलंगाच्या आजोबांचा आजोबा. मग टाकाऊ कोण?

पुण्या-नाशिकच्या वाड्यांतून निघालेलं लाकूड लोक का शोधत फिरतात याचं उत्तर जुनेपणाच्या प्रेमात शोधायची गरज नाही. संथ वाढलेल्या जंगलातला साग, घट्ट रेषांचा, तेलकट, वाळवीला पचायला जड, आणि शंभर-दीडशे पावसाळे बघून जेवढं फुगायचं-आकसायचं तेवढं फुगून-आकसून झालेला. त्यातला काही सह्याद्रीतला आणि दक्षिणेकडच्या जंगलांतला, काही ब्रह्मदेशातून मुंबई बंदरात उतरलेला. 'बर्मा टीक' हे शब्द आपण आज मिठाईच्या दुकानातल्या 'शुद्ध तूप' इतक्या सहज उच्चारतो, पण 1885 साली ब्रह्मदेशावर शेवटची स्वारी झाली, तिचं तात्कालिक निमित्त सागतोडच होतं. जंगलातून ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेल्याचा ठपका ठेवून तिथल्या दरबाराने मुंबईच्या एका कंपनीला जबर दंड ठोठावला, इंग्रजांनी ते निमित्त साधलं, आणि राजा थिबा पदच्युत होऊन रत्नागिरीला आला. तिथेच 1916 मध्ये वारला. रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहायला सहली जातात, पण तो राजा तिथे का आला याचं एक उत्तर आपल्या आजोळच्या दारांत असू शकतं, हे सहसा कुणी सांगत नाही. म्यानमारने 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. असं लाकूड पुन्हा घडायला जंगल लागतं आणि शतक लागतं. ते एकदा भट्टीत गेलं की गेलं.

जगातलं सर्वांत प्रसिद्ध 'जुन्यातून नवं' फर्निचर कुठलं? अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं टेबल. 'रेझोल्यूट' नावाचं इंग्रजी जहाज आर्क्टिकच्या बर्फात अडकलं, 1854 मध्ये खलाशांनी ते सोडून दिलं, पुढच्या वर्षी एका अमेरिकन देवमासे-शिकारी जहाजाला ते समुद्रात तरंगताना सापडलं. अमेरिकेने डागडुजी करून ते परत केलं. पुढे ते मोडीत निघालं तेव्हा त्याच्या ओकच्या लाकडाचं टेबल करून व्हिक्टोरिया राणीने 1880 मध्ये राष्ट्राध्यक्ष हेज यांना भेट दिलं. लॉबीत भंगार नको म्हणणाऱ्या काकांना मी हे सांगणार आहे. पण सोबत त्या मुलीलाही सांगणार आहे, की बाई, ते ओक होतं आणि घडवणारे हात गोदीतल्या कसबी सुतारांचे होते. बर्फात टाकून दिल्यावरही जे बुडलं नाही, त्याला टाकाऊ कसं म्हणायचं?

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. काकांची पाहुण्यांविषयीची काळजी सोडून देऊ, पण त्यांच्या बाजूने न मांडले गेलेले मुद्दे जास्त भक्कम आहेत.

पहिला: आपल्याकडे वस्तू कचऱ्यात जातेच कुठे? युरोप-अमेरिकेत लोक सोफे रस्त्यावर ठेवतात, तिथे या चळवळीला अर्थ आहे. इथे रद्दीवाला, भंगारवाला, बोहारीण, कचरावेचक ही साखळी शहाण्यांच्या शंभर वर्षं आधीपासून हे काम करते आहे. पुण्यात कचरावेचकांनी 1993 मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभारली, ती काही हौसेपोटी नव्हे. मग उच्चमध्यमवर्गाने घरात टेबलं ठोकून त्यांच्या पोटावर पाय का आणायचा? मुद्दा खरा आहे, पण लाकडाच्या बाबतीत अपुरा आहे. लोखंड, पितळ, कागद, काच यांची साखळी पक्की आहे कारण ते वितळतं किंवा लगदा होतो. लाकूड वितळत नाही. वाडा उतरवणारा कंत्राटदार तुळया आणि खांब चांगल्या भावाने विकतो, त्यांची काळजी नको. पण खिडक्यांच्या झडपा, फळ्या, स्टुलं, तुटके पाट, चौकटीचे तुकडे आणि सगळं प्लाय-बोर्ड सरपण होतं. मुंबईत कितीतरी वर्षं हे सरपण बेकऱ्यांच्या भट्ट्यांत गेलं आहे. मोडक्या फर्निचरचं लाकूड स्वस्त पडतं म्हणून. त्याच्यासोबत सनमायका, डिंक, पॉलिश, रंग सगळं जळतं आणि त्याच भट्टीत आपला पाव भाजला जातो. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली तेव्हा चर्चा झाली ती पावाच्या चवीची आणि भावाची. भट्ट्या गॅसवर गेल्या तर एवढं भंगार लाकूड जाणार कुठे, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारल्याचं मला तरी दिसलं नाही. भंगारवाल्याच्या पोटावर पाय येतो तो माझ्या टेबलामुळे नाही. ज्याला विक्रीमूल्यच नाही असा माल आपण त्याच्या हातगाडीवर चढवतो, त्यामुळे येतो.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा, आणि इथे मी कानाला खडा लावतो. आजोळच्या त्या दारावर रंगाचे चार थर होते: वर चॉकलेटी, खाली हिरवा, त्याखाली निळा, तळाशी काहीतरी लालसर. मी भाड्याने घासायचं यंत्र आणलं आणि बाल्कनीत दोन दिवस धूळ उडवली, तोंडाला साधा रुमाल बांधून, शेजारी सहा वर्षांचा भाचा खेळत असताना. नंतर कळलं, की भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत 90 भाग अशी बंधनकारक झाली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या रंगांत काय काय होतं याचा भरवसा नाही, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला सर्वांत घातक. सुका रंग कधीही घासू नये. ओला करून, खरवडून, गोळा करून काढावा, मुलांना लांब ठेवावं, आणि शंका असेल तर ते दार टेबल न होता भिंतीवरच राहू द्यावं. पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी फळकुटांच्या चौकटीचंही तसंच. भोसरी-चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात यंत्रांच्या खोक्यांचं पाइन लाकूड स्वस्तात मिळतं आणि त्याचे सोफे सध्या जोरात आहेत. परदेशातून आलेल्या खोक्यावर शिक्का असतो: 'एचटी' म्हणजे लाकडाचा गाभा 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटं तापवलेला, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. दुसरा शिक्का दिसला तर सोफ्याचा नाद सोडावा. शिक्काच नसेल तरीही. आणि ढेकणांबद्दल मी काही लिहीत नाही, माझ्या घरात अजून त्या पॅलेटच्या दिवाणाचं नाव काढलेलं चालत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत बोचरा. ज्यांनी खरोखरच खोक्यांच्या फर्निचरवर आयुष्य काढलं त्यांना ही फॅशन म्हणजे थट्टा वाटते, आणि वाटणारच. गिरणगावातल्या दहा-बाय-बाराच्या खोल्यांत देवदारच्या खोक्यांची मांडणी असायची, पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात धान्य, दुसऱ्या डब्याची शेगडी, तिसऱ्यात तुळस. त्यांनी ते 'संकल्पना' म्हणून केलं नव्हतं. हातात पैसे आल्यावर त्यांच्या मुलांनी पहिलं काय केलं, तर ती खोकी फेकून चकचकीत शोकेस आणलं. त्या शोकेसला नाक मुरडण्याचा अधिकार, ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिसवी झोपाळा आहे त्याला नाही. नवंकोरं घेण्याची हौस ही चैन नसते, कित्येकदा ती उतराई असते. हे सगळं मला मान्य आहे. तरी पुढचं एक पाऊल टाकावं लागतं. त्या शोकेससाठी मोजलेल्या पैशांत त्यांना काय मिळालं? भुसा आणि युरिया-फॉर्माल्डिहाइडचा डिंक दाबून केलेला बोर्ड, वर कागदासारखा मुलामा. एकदा फरशी पुसताना पाणी लागलं की पाय फुगतात. घर बदलताना एकदा उघडलं की भोकं सैल होतात, स्क्रू पकडत नाही. कर्जाचे हप्ते संपण्याआधी बिजागऱ्या सुटतात. देवदारचं खोकं चार भाडेकरूंनी वापरलं होतं, हे शोकेस एका घरबदलातही टिकत नाही. गरिबाला नव्याचा हक्क आहे म्हणताना त्याच्या गळ्यात काय मारलं जातंय हे न पाहणं, हा कुठला न्याय?

चौथा मुद्दा हिशेबाचा. माझं टेबल करायला मिस्त्रीला तीन दिवस लागले. दुसऱ्या दिवशीच तो म्हणाला, "साहब, इतने में तो नया आ जाता." खरंच आलं असतं. जुनं लाकूड खोलणं, खिळे उपसणं, करवतीचं पातं लपलेल्या खिळ्यावर बसून तुटणं, वेडीवाकडी फळी रंध्याने सरळ करणं, या सगळ्याला वेळ लागतो आणि वेळेला मजुरी लागते. पण एवढा वेळ लागतो का, हेही पाहायला हवं. पूर्वीचे सुतार सरस वापरत, जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला. ऊन पाणी आणि वाफ दिली की सरस सुटतो, सांधा मोकळा होतो, खुर्चीचा एक पाय बदलून ती पुन्हा बसवता येते. सरस गरम करत बसणं मोठं कटकटीचं होतं, वास वेगळाच. 1959 मध्ये फेविकॉल आलं आणि सुतारांची त्यातून सुटका झाली, त्यांनी ते डोक्यावर घेतलं ते उगीच नाही. पण त्या सुटकेसोबत एक गोष्ट निसटली. आता जोड उघडत नाही, लाकूडच फाटतं. न सुटणारा जोड हाच आपण गुण मानला, आणि 'परत उघडता येणं' हा गुण होता हे विसरलो. बाजेकडे पाहा. चौकट वेगळी, विण वेगळी. सुंभ किंवा नवार सैल पडली की पुन्हा ताणायची, कुजली की बदलायची, पाय मोडला तर तेवढाच नवा घालायचा. तिच्या डोक्यावर कुणी 'शाश्वत' असं लेबल लावलं नव्हतं. गावचा सुतार बलुत्यावर होता, दुरुस्ती त्याच्याकडेच यायची, म्हणून त्याला दुरुस्त होईल अशीच वस्तू करणं भाग होतं. (बलुतेदारी परत आणा असं मी म्हणत नाही. तिच्यात जात होती आणि सुताराला नको म्हणायची मुभा नव्हती. पण बनवणारा आणि दुरुस्त करणारा एकच असला की वस्तू कशी बनते, एवढं त्यातून दिसतं.)

मग हाताने टेबल करायचं कशाला, जर ते महाग पडतं, पृथ्वीही वाचत नाही आणि ढेकूण होतात? इटलीचा रचनाकार एन्झो मारी याने 1974 मध्ये साध्या फळ्या आणि खिळे वापरून करायच्या टेबल-खुर्च्यांचे आराखडे, टपालखर्च पाठवील त्याला फुकट दिले. लोकांना स्वस्तात फर्निचर मिळावं हा त्याचा मुख्य हेतू नव्हता. ज्याने एकदा स्वतः टेबल ठोकलं, त्याला दुकानातलं टेबल पारखायची नजर येते, हा त्याचा हिशेब होता. माझा अनुभव तोच आहे. त्या दाराशी तीन दिवस झटल्यावर मी दुकानात गेलो की खुर्चीखाली वाकून बघतो. पाय कसा जोडलाय? कूस, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचंच टोक, आहे की नुसता स्क्रू? कडेला मुलामा उचकटलाय तिथे आत काय आहे? आधी मी रंग आणि किंमत बघायचो. हा बदल कुठल्याही पर्यावरणदिनाच्या भाषणाने झाला नसता.

मात्र माणसामाणसाचे डोळे उघडण्यावर सगळं सोडून चालणार नाही, आणि इथे चळवळवाल्यांचं दुसरं चुकतं. ते सगळी जबाबदारी घरावर टाकतात: तुम्ही बाटली जपा, तुम्ही टायर रंगवा. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये लाकडाचा दुष्काळ पडला, बाँबहल्ल्यांत घरं गेली, तेव्हा तिथल्या सरकारने कापडापुरता 'जुनं सांधा, वापरा' असा प्रचार जरूर केला. पण फर्निचरसाठी 1942 मध्ये वेगळीच योजना आणली. नवविवाहित आणि बाँबहल्ल्यात घर गमावलेली कुटुंबं यांनाच नवं फर्निचर मिळेल, आणि ते मोजक्याच ठरलेल्या नमुन्यांचं असेल. साधं, बिननक्षीचं, पण भक्कम सांध्यांचं. कारखानदाराने काय करायचं ते सरकारने ठरवून दिलं. दिसायला ते इतकं साधं, की लोक कुरकुरले, आणि बंधनं उठताच 1952 मध्ये योजना गुंडाळली गेली. तरी त्या फर्निचरचे नग आजही तिथे जुन्या बाजारात विकले जातात आणि वापरले जातात. टंचाईला दिलेलं हे उत्तर मला टायरच्या बाकापेक्षा जास्त शहाणं वाटतं, कारण ते वस्तू जन्माला येते तिथे दिलेलं आहे.

आपल्याकडे युद्धकाळासारखी सक्ती नको आणि चालणारही नाही. पण प्लास्टिक, ई-कचरा, बॅटऱ्या, टायर यांच्या बाबतीत माल संपल्यावर त्याचं काय करायचं याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम देशात झाले, मग फर्निचरने काय पुण्य केलं? फ्रान्समध्ये फर्निचरच्या किमतीतच त्याच्या विल्हेवाटीचा खर्च धरलेला असतो आणि बिलावर तो वेगळा दिसतो. इथे तो खर्च माझ्या भंगारवाल्याच्या टेम्पोभाड्यात आहे. उत्पादकाला सांगा, की सुटे पाय, सुटे खण, सुट्या बिजागऱ्या दहा वर्षं मिळाल्या पाहिजेत, आणि आत लाकूड आहे, प्लाय आहे की भुशाचा बोर्ड, ते किंमतपत्रकावर ठळक छापलं पाहिजे. दुसरीकडे, इमारती पाडण्याबाबतच्या 2016 च्या नियमांत राडारोड्याचं वर्गीकरण करताना लाकूड आणि प्लास्टिक यांची नावं एका दमात आली होती. पुण्या-मुंबईत रोज कुठे ना कुठे जुनी इमारत उतरते आहे, आणि सागाची चौकट नि पीव्हीसीची पाइप एकाच रांगेत उभी! पाडण्याआधी लाकूड वेगळं उतरवून घ्या, वॉर्डात ते ठेवायला छप्पर द्या, आणि सुताराला ते तुकड्याने विकत घेता येऊ द्या. महापालिकांचं प्रेम सध्या चौकातल्या भंगाराच्या मोरांवर आणि डायनासोरांवर आहे. चंदीगडला नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या आणि कपबश्यांतून जे रॉक गार्डन उभारलं ते अद्भुत आहे, टाकाऊतूनही काहीतरी घडतं याचा तो माझ्या म्हणण्याला छेद देणारा एकमेव पुरावा मी मान्य करतो. पण ती शिल्पं आहेत आणि नेकचंद एकच झाले. त्यांच्या नकलेवर निविदा काढून शहराचं लाकूड वाचत नाही.

सोसायटीची पुढची सभा पंधरा दिवसांवर आहे. मी आणि ती मुलगी मिळून यादी करतो आहोत. इमारत ऐंशीच्या दशकातली, त्यामुळे दारं पोकळ आहेत, ती गेली. पण चौकटी सागाच्या आहेत, बत्तीस घरांच्या. त्यांतून सहा बाकं आरामात निघतील. काकांच्या घरातही पाहायला गेलो. त्यांच्या माळ्यावर वडिलांचं दप्तर ठेवायचं एक शिसवी पेटाऱ्याचं झाकण निघालं. ते मात्र लॉबीत द्यायला ते तयार नाहीत, "ते भंगार नाही" म्हणाले.

दरम्यान मोडलेल्या पलंगाच्या जागी नवा घ्यायला मी एका मोठ्या दुकानात गेलो होतो. आवडलेल्या पलंगाखाली वाकलो, आणि विक्रेत्याला विचारलं, "हा स्क्रू तीनदा काढून चौथ्यांदा लावला तर पकडेल का?" त्याने जरा विचार केला आणि मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर हसतमुखाने म्हणाला, "काढायची वेळच येणार नाही सर. पाच वर्षांनी आमची एक्स्चेंज ऑफर असते."